फास्ट की स्लो?

कल्याणहून एका वाचक मैत्रिणीचा फोन आला. आवाजात काळजी होतीच, पण काळजीपेक्षा राग जास्त. "ताई, माझी मुलगी एस.वाय.ला आहे. सहा महिने झाले, पॉवरलिफ्टिंगच्या नादाला लागलीय. तेही मी चालवून घेतलं. हे कुरकुरले, सासूबाई तर रोज म्हणतात, मुलीच्या जातीला वजनं कशाला. मी म्हटलं, करू दे. पण आता त्या सरांनी नवीनच काढलंय. एक दिवस जड उचलायचं आणि एक दिवस निम्मंच वजन घेऊन जोरात, झटक्यात वर! घरी येऊन सांगते, आई, आज स्पीडचा दिवस होता. अहो, ताकद वाढवायची तर वजन वाढवायचं ना? हे झटके देऊन कंबर गेली म्हणजे?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. मुली तिथे जाताहेत, नवनवे शब्द घरी आणताहेत, आणि आईला त्यातलं काही कळेनासं झालंय. न कळलेल्या गोष्टीबाबत आपण बायका दोनच गोष्टी करतो. एक तर देवावर हवाला ठेवतो, नाही तर ती बंद करायला लावतो. त्या मुलीचं जिम बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी खेळ समजून घेऊ. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार. स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर दांडा घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून दांडा छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येक प्रकाराला तीन संधी. तिन्हींतल्या सगळ्यात चांगल्या वजनांची बेरीज, आणि आपल्या वजनी गटात जिची बेरीज मोठी ती जिंकली. घड्याळ लावून इथे वेग कोणी मोजत नाही. डेडलिफ्टला दांडा गुडघ्यापाशी कासवासारखा सरकत राहिला तरी चालतं, फक्त तो पुन्हा खाली जाता कामा नये.

ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते वेटलिफ्टिंग वेगळं. कर्णम मल्लेश्वरीला 2000 साली सिडनीत ब्राँझ मिळालं, मीराबाई चानूला 2021 मध्ये टोकियोत रौप्य, ते वेटलिफ्टिंग. आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेही वेटलिफ्टिंगच. पुणे-लोणावळा लोकलवरच्या या छोट्या गावातली मुलगी, 45 किलोच्या गटात, स्नॅचमध्ये 70 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 83, असं मिळून 153 किलो उचलून आली. या खेळात दांडा डोक्यावर न्यायचा असतो आणि तो वेगाशिवाय जातच नाही. तिथे वेगाचा सराव करतात हे कोणालाही पटेल. पण पॉवरलिफ्टिंगमध्ये, जिथे शेवटचं वजन रांगत रांगतच वर जातं, तिथे वेगाचं काय काम? गंमत म्हणजे शास्त्रात 'पॉवर' म्हणजे बल गुणिले वेग. नावात पॉवर आणि स्पर्धेत वेगाला शून्य मार्क! तेव्हा आमच्या कल्याणच्या मैत्रिणीचा गोंधळ झाला तर त्यात नवल नाही. या खेळातल्या जाणत्या मंडळींचेही यावर दोन तट आहेत.

ताकद वाढते म्हणजे काय होतं? एक तर स्नायू भरतो. हे आपल्याला माहीत असतं. पण दुसरी गोष्ट दिसत नाही. स्नायूत हजारो तंतू असतात आणि ते सगळेच्या सगळे रोज कामाला येत नाहीत. पोळ्या लाटायला, पिशवी उचलायला थोडे पुरतात. जे मोठे, दणकट तंतू असतात ते घरातल्या जावईबुवांसारखे, सहजासहजी उठायचे नाहीत. मेंदूकडून जोराची हाक गेली तरच उठतात. ही हाक दोन प्रसंगी हमखास जाते. ओझं खूप जड असेल तेव्हा, किंवा ओझं मध्यमच आहे पण ते सगळा जीव लावून वेगाने ढकललं तेव्हा. 'स्पीडचा दिवस' हा या दुसऱ्या प्रसंगावर उभा आहे. निम्मं वजन आरामात उचलायचं नाही. ते पूर्ण वजन असल्यासारखा जोर लावायचा. वजन कमी असल्यामुळे दांडा भर्रकन जातो, आणि मेंदूला हाक मारण्याची सवय होते.

दुसरं कारण वेळेचं आहे. सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या बाईला हे समजावून सांगायलाच नको. गाडी अर्धं मिनिटही थांबत नाही. आत खेचून घ्यायला दांड्यावर हात पडतो तो क्षण पकडायचा असतो. स्नायूला आपला पूर्ण जोर गाठायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ अनेकदा मिळत नाही. तुमच्यात किती ताकद आहे हा एक प्रश्न, आणि ती किती लवकर हजर होते हा दुसरा.

बेंच प्रेसमध्ये हे फार छान दिसतं. दांडा छातीवर टेकवून तो स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं. पंच 'प्रेस' म्हणाले की मगच वर. म्हणजे खाली येतानाची उसळी वापरता येत नाही, मेलेल्या जागेवरून सुरुवात. आणि मध्ये कुठे तरी, वीतभर वर गेल्यावर, प्रत्येकीचा दांडा अडतो. त्या अडत्या जागेपर्यंत दांडा जरा वेगात पोचला तर ती पार होते, रेंगाळत पोचला तर तिथेच थांबतो. स्पीडचा सराव या पहिल्या वीतभर अंतरासाठी असतो.

ही पद्धत जगभर पसरवली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लुई सिमन्स या माणसाने. कोलंबस शहरात त्याचं 'वेस्टसाइड बार्बेल' नावाचं जिम होतं. स्वतः पॉवरलिफ्टर, पाठीला जबर दुखापत करून घेतलेला. सतत जड उचलून शरीर मोडतं हे अनुभवाने कळलं, तेव्हा तो जुन्या सोव्हिएत प्रशिक्षकांची भाषांतरित पुस्तकं वाचत बसला, आणि त्यातून आठवड्याची एक घडी बसवली. दोन दिवस अतिशय जड आणि दोन दिवस वेगाचे. वेगाच्या दिवशी आपल्या कमाल वजनाच्या साधारण पन्नास-साठ टक्के. स्क्वॉटचे दोन-दोनचे आठ-दहा सेट, बेंचचे तीन-तीनचे आठ-नऊ, मध्ये मिनिटभराची विश्रांती. दांड्याच्या टोकांना तो लोखंडी साखळ्या अडकवायचा. दांडा खाली असताना साखळी जमिनीवर पडलेली असते, वर जाईल तशी एकेक कडी उचलली जाते आणि ओझं वाढत जातं. का, ते पुढे येईलच. 2022 साली सिमन्स वारला, पण 'स्पीड डे' हा शब्द तोवर आपल्याकडच्या मोबाइलवर पोचला होता. कल्याणच्या सरांनी तो तिथूनच उचलला असणार.

आता दुसरा तट. सिमन्सच्या जिममधले बरेच जण खास जाड कापडाचे, शरीराला आवळून धरणारे सूट घालून उचलत. त्या सूटमुळे खालच्या भागात मदत मिळते. साध्या कपड्यांत उचलणाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मुलींना, ती पद्धत जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. शिवाय हलकं वजन वेगात वर नेलं की शेवटी ते थांबवावं लागतं, नाही तर हातातून सुटेल. म्हणजे वरचा बराच भाग शरीर जोर लावण्यात नाही, ब्रेक लावण्यात घालवतं. साखळ्या त्यासाठीच. आणि सगळ्यात साधा आक्षेप म्हणजे जड उचलायला शिकायचं तर जड उचलावंच लागतं. पन्नास किलोचा सराव कितीही वेगाने केला तरी शंभर किलो खांद्यावर आल्यावर जे वाटतं ते पन्नास किलोत कधी कळत नाही.

मग खरं काय? मला एक प्रयोग फार पटला. 2014 साली स्पेनमधल्या संशोधकांनी वीसेक तरुणांचे दोन गट केले. दोघांनाही बेंच प्रेस, सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा. वजनं सारखी, सेट सारखे. फरक एवढाच की एका गटाने प्रत्येक वेळी दांडा शक्य तितक्या वेगाने वर न्यायचा, आणि दुसऱ्याने मुद्दाम निम्म्या वेगाने. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाची कमाल ताकद साधारण अठरा टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची दहा टक्क्यांच्या आत. तेच वजन, तोच घाम, आणि फळ जवळपास दुप्पट! (सगळे पुरुषच होते, हेही सांगून ठेवते. असल्या प्रयोगांत बायका घ्यायचं संशोधकांना फार उशिरा सुचतं.)

म्हणजे वेगळा 'स्पीडचा दिवस' हवाच असं यातून सिद्ध होत नाही. पण जे काही वजन हातात आहे ते वर नेताना मनापासून वेगात न्यायचं, एवढं नक्की कळतं. दांडा प्रत्यक्षात वेगात जाईलच असं नाही. खूप जड असेल तर तो हळूच जाणार. पण ढकलणारीचा इरादा वेगाचा हवा.

माझं मत विचाराल तर, जड वजन ही डाळ आहे आणि वेग ही फोडणी. नुसती फोडणी खाऊन कोणाचं पोट भरलंय? पहिलं वर्षभर तर डाळच शिजू द्यावी. सहा महिन्यांच्या मुलीला साखळ्या, रबराचे पट्टे यांची गरज नाही. तिचं वजन दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं वाढतंय ना, एवढं पुरे. मात्र आठवड्यात एक दिवस हलकं वजन घेऊन थोडे-थोडे, चपळ, स्वच्छ सेट मारायला लावणारे सर काही वेडे नाहीत. तेवढ्याने सांध्यांना जड दिवसांपासून सुट्टी मिळते आणि न थकता ढब सुधारते. कल्याणच्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. आणि एक विचारायलाही सांगितलं, की सर स्पीड म्हणतात ते नेमकं कशाला.

कारण वेग म्हणजे हिसका नव्हे. तिची भीती हिसक्याची आहे, आणि ती भीती खरी आहे. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या बायका आधी दोर ताणून घेतात आणि मगच जोर लावतात. ढिल्या दोराला हिसका दिला तर खांदा जातो. डेडलिफ्टमध्ये तेच. दांडा आणि प्लेटची भोकं यांच्यात किंचित जागा असते. आधी हलकेच ओढून ती जागा भरून काढायची, बारीक 'टक्' असा आवाज येतो. पाठ सपाट, पोट घट्ट, आणि मग पायांनी जमीन खाली रेटायची. ती मुलगी हे न करता वाकलेल्या पाठीने दांडा उपटत असेल तर स्पीड बंद, त्या दिवशीच. स्क्वॉटला खाली जाताना धाडकन बसायचं नाही, ताब्यात राहून बसायचं. उतरताना स्लो आणि चढताना फास्ट. आणि तिसऱ्या-चौथ्या सेटला दांड्याचा वेग मंदावला की तिथेच थांबायचं. थकून हळू झालेला स्पीडचा सेट काही कामाचा नाही. मुलीला मोबाइलवर बाजूने शूटिंग करायला सांगा आणि तुम्ही स्वतः बघा. पाठ सपाट आहे की कमान झाली हे आईच्या डोळ्याला कळतं, त्यासाठी कोच असावं लागत नाही.

आकडा हवा असेल तर देते. मुलीचं एकदा उचलता येणारं कमाल स्क्वॉट पन्नास किलो असेल, तर स्पीडच्या दिवशी दांडा धरून तीस किलो. दोन-दोनचे सहा-आठ सेट. मिनिटभर दम खायचा. झालं. अर्धा तासही लागत नाही.

आता या विषयातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग. 'सावकाश' हा शब्द आपल्या कानावर किती वेळा पडलेला असतो, कधी मोजलंय? सावकाश चाल, पडशील. सावकाश बोल, माणसं आहेत. सावकाश हस. मुलगा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो तेव्हा त्याचं कौतुक, मुलगी उतरली की धसमुसळी! पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत बऱ्याच मुलींनी धावणं, उडी मारणं सोडून दिलेलं असतं. मग तिशीत वजन वाढलं म्हणून ती जिमला जाते, आणि तिथेही तिला तेच सांगतात. मॅडम, हलकं घ्या, सावकाश करा, वीस-वीस मारा. हातात दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल्स. अहो, भरलेलं गॅसचं सिलिंडर आत 14.2 किलो गॅस आणि वरून टाकीचं वजन धरून तीस किलोच्या घरात जातं. डिलिव्हरीवाला ते दारात ठेवून जातो, आणि स्वयंपाकघरापर्यंत सरकवत कोण नेतं? वीस लिटरचा पाण्याचा जार कोण उलटा करतं? घरात तीस किलो आणि जिममध्ये दोन!

या भागातल्या बऱ्याच जिममध्ये मी डोकावले आहे. लेडीज बॅच दुपारी, अकरा ते चार. सकाळी सातला घर सोडून रात्री आठला डोंबिवलीला उतरणारी बाई दुपारी अकराला कुठे असते, हा विचार कोणी केला नसावा. संध्याकाळच्या वेळेत गेलं तर स्क्वॉटची चौकट, मोठा दांडा, जड प्लेट्स असलेला कोपरा मुलांनी अडवलेला. बाई तिकडे वळली की ट्रेनर पोरगा धावत येतो, "काकू, ते तुमच्यासाठी नाही." त्याचा हेतू वाईट नसतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं. जागतिक पॉवरलिफ्टिंगने बायकांसाठी वेगळी स्पर्धा 1980 साली सुरू केली. ऑलिम्पिकने महिला वेटलिफ्टर्सना दार उघडलं ते थेट 2000 साली. आमच्या कोपऱ्याचं दार अजून अर्धवटच उघडलंय.

आणि हे काही स्पर्धेला जाणाऱ्या वीस वर्षांच्या मुलींपुरतं नाही. उलट पन्नाशीनंतर वेगाची गरज वाढते. वय वाढतं तशी ताकद कमी होते हे खरं, पण ती झटकन वापरण्याची क्षमता त्याहून लवकर ओसरते. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय सरकला की दुसरा पाय पटकन पुढे टाकून सावरायला किती वेळ मिळतो? निमिषभर. तिथे तुमच्या मांडीत किती ताकद आहे यापेक्षा ती किती लवकर हजर होते यावर खुब्याचं हाड ठरतं. आपल्या सोसायटीत खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली एक तरी आजी असतेच, आणि तिचं करण्यात घरातल्या सुनेची किंवा मुलीची वर्षं जातात. हे सांगायला मला अभ्यासाची गरज नाही.

अभ्यास मात्र झालाय, आणि यावेळी बायकांवर. ऑस्ट्रेलियातला प्रयोग, 2018 साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका, सरासरी वय 65. त्यांतल्या एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर दांडा ढकलण्याचा व्यायाम दिला. गुलाबी डंबेल्स नव्हेत, पाचच वेळा जमेल इतकं जड. शिवाय उडी मारून दांडा धरायचा आणि धप्पकन जमिनीवर उतरायचं. पहिला महिना हलक्या वजनावर नुसतं शिकण्यात घालवला, आणि नंतरही देखरेख सतत होती. शेवटी या बायकांच्या कण्याच्या हाडाची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली. आणि एवढ्या जड व्यायामात दुखापत म्हणावी तर एकीची कंबर किंचित धरली, इतकंच. आपल्याकडे हाडं ठिसूळ झाली म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो 'आता जड काही उचलू नका' हाच ना?

पुण्याच्या भावना टोकेकर चाळिशी ओलांडल्यावर वजनांकडे वळल्या आणि 2019 साली रशियातल्या चेल्याबिन्स्क इथल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेतून, 47 व्या वर्षी, चार सुवर्णपदकं घेऊन आल्या. पुण्याच्याच डॉक्टर शर्वरी इनामदार यांचे साडी नेसून वजनं उचलतानाचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले असतील. लोकांनी साडीच पाहिली, मी त्यांच्या पाठीचा कणा पाहत होते. काय सरळ राहतो!

सगळ्यांनी स्पर्धेत उतरावं असं मी म्हणत नाही. पण घरात खुर्ची आहे ना? जेवणाच्या टेबलाची, न हलणारी, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घ्या. उठताना शक्य तितक्या पटकन उठा, बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसा. पाच वेळा. थोडा दम खा, पुन्हा पाच. हीच आपली स्पीड ट्रेनिंग, हाच आपला स्क्वॉट. सोपं वाटायला लागलं की पोटाशी तांदळाची पाच किलोची पिशवी धरा. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, कण्याचं हाड आधीच दबलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. सासूबाईंनाही बसवा. नातीला नावं ठेवता ठेवता दहा वेळा उठल्या तरी खूप.

एक गोष्ट आपण एकमेकींतही बोलत नाही, ती लिहून टाकते. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाताना उडी मारली, जड उचललं, जोरात उठलं की लघवीचे थेंब सुटतात. बाई घाबरते, कोणाला सांगत नाही, व्यायाम सोडते आणि पोटभर पाणी पिणंही सोडते. हा प्रकार सर्रास होतो, स्पर्धेत उचलणाऱ्या तरुण मुलींनासुद्धा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने होतो, आणि फिजिओथेरपिस्ट त्यासाठी खास व्यायाम शिकवतात. ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत आता अशा तज्ज्ञ मिळतात. गर्भाशय खाली सरकल्यासारखं, जड वाटत असेल तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं आणि मग वजनाला हात लावायचा. 'बायकांनी जड उचललं की अंग बाहेर येतं' असं म्हणून सगळ्यांनाच घरी बसवायचं, हे त्यावरचं उत्तर नाही.

जिमची फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. रात्री आठनंतर बायकांना स्क्वॉटची चौकट मिळेल का? रिकामा दांडा वीस किलोचाच आहे, की नवख्या मुलींसाठी दहा-पंधरा किलोचाही आहे? वर्षभरात माझं वजन कुठवर न्यायचा तुमचा विचार आहे, आणि ते लिहून ठेवणार का? आणि डेडलिफ्ट शिकवणारा माणूस स्वतः करून दाखवतो का? शेवटच्या प्रश्नाला ट्रेनर गडबडला तर पावती फाडू नका. पुढच्या गल्लीत दुसरं जिम आहेच.